काऊचा घास

तांबरमला राहायला गेलो तेव्हा माझी लेक तीन वर्षांची व्हायला आली होती आणि तिनं मला अजून एकदाही हाक मारलेली नव्हती.

आई नाही, मम्मी नाही, नुसतं ‘आ’सुद्धा नाही. हसायची, रडायची, आपल्याच नादात गुणगुणायची. पाणी हवं असलं की माझं मनगट धरून मला माठापाशी न्यायची आणि माझा हात ओगराळ्यावर ठेवायची. जसा काही तो हात माझा नव्हता, माठाचाच होता. माझ्या तोंडाकडे बघायची नाही. पडली, गुडघा फुटला, तर जिथं पडली तिथंच बसून रडायची, माझ्याकडे धावत यायची नाही. लोकांना दिसायचं की ही बोलत नाही. मला त्याच्या मागचं दिसायचं. हिला कुणाला काही सांगायचंच नाही. उद्या मी नसले, आणि हिचं काही दुखलंखुपलं, तर?

मी सातवीतून शाळा सोडलेली. कराडच्या अलीकडचं गाव, धाकटी भावंडं सांभाळायला घरी कुणी नव्हतं म्हणून सुटली. त्यात नवल काही नाही, आमच्या वर्गातल्या कितीतरी मुली तशाच गेल्या. नवऱ्याची कंपनी पुण्याची, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी. त्या वर्षांत चेन्नईच्या आजूबाजूला मोटारींचे कारखाने वाढायला लागले होते, तशी कंपनीनं तिथंही शेड टाकली आणि आमच्या ह्यांना पाठवलं. ह्यांचं बरं होतं, शेडमध्ये मशीन तेच होतं. मला मात्र दाराबाहेर पाऊल टाकलं की काहीच ओळखीचं नव्हतं. दुकानाची पाटी वाचता यायची नाही, भाजीवाली काय म्हणते ते कळायचं नाही. हिंदी टीव्हीवर ऐकून येत होती तेवढी, पण तिथं हिंदी बोलले की लोक चांगल्या मनानं हसायचे आणि तमिळमध्ये उत्तर द्यायचे.

त्यात सासूबाईंचा दर रविवारी फोन. मी त्यांना आत्याबाई म्हणते, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. “घिऊन ये पोरीला हिकडं. चार पोरांत खेळंल, लागंल बोलायला. तिथं त्या यंडुगुंडू भाषेत पोर बावचळली असंल.” ह्यांनी पुण्याला परत बदली मागितली होती. दिवाळीनंतर बघू, असं साहेब म्हणाले होते. बदली झाली की पुण्यात खोली मिळेपर्यंत आम्ही दोघींनी गावी राहायचं, हे आत्याबाईंनी ठरवूनच टाकलं होतं. आणि मी तरी काय, रोज देवासमोर हात जोडून तेच मागत होते.

लेकीचे कान तपासले. कान ठणठणीत. ज्या डॉक्टरांनी तपासले त्यांनीच अण्णा नगरचा एक पत्ता दिला. तिथं बोलायला उशीर होणाऱ्या, शिकायला जड जाणाऱ्या मुलांसाठी एक केंद्र आहे, जाऊन तर बघा म्हणाले.

तांबरमहून अण्णा नगर म्हणजे शहराचं एक टोक सोडून दुसऱ्या टोकाला. बस भरलेली. तिथला कंडक्टर मागच्या दाराशी आपल्या जागेवर बसून राहतो, गर्दीत फिरत नाही. पैसे आपणच मागे पाठवायचे, या हातातून त्या हातात, आणि तिकीट तसंच पुढं येतं. पहिल्या दिवशी मला ते ठाऊक नव्हतं. कडेवर पोर, मुठीत नोट, आणि कंडक्टर काही येईना. शेजारच्या बाईनं माझ्या मुठीतली नोट काढूनच घेतली. माझ्या तोंडून ओरडा निघणार होता. पण नोट डोक्यांवरून मागं गेली आणि थोड्या वेळानं तिकीट आणि सुटे पैसे अनोळखी हातांमधून माझ्यापर्यंत परत आले. त्या बाईनं पैसे माझ्या तळहातावर ठेवले आणि माझी मूठ मिटली, लहान मुलाची मिटतात तशी. मला रडूच आलं. घाबरलेल्या माणसाला असलं काहीतरी फार लागतं.

केंद्र म्हणजे एका जुन्या घराचा तळमजला. लाल फरशी, जमिनीवर चटया, आणि चटईवर बसलेली एक मुलगी. मुलगीच म्हणायची, माझ्याहून लहान होती. तिथले सगळे तिला मिस म्हणायचे. म्हैसूरला शिकायला असताना वसतिगृहात उत्तरेकडच्या मैत्रिणी होत्या, त्यामुळे तिला मोडकीतोडकी हिंदी येत होती. माझीही तशीच. दोन मोडक्या हिंद्यांवर आमचं छान भागलं.

मला वाटलं होतं, आता ही लेकीला समोर बसवणार, चित्रं दाखवणार, म्हण ‘बॉल’, म्हण ‘कॅट’. तिनं तसलं काहीच केलं नाही. तिनं साबणाच्या पाण्याची बाटली काढली, एक फुंकर मारली, खोलीभर बुडबुडे केले. लेक बुडबुड्यांमागे धावली. मिसनं झाकण घट्ट लावलं, बाटली दोघींच्या मध्ये ठेवली आणि गप्प बसली.

गप्प म्हणजे अगदी गप्प. भुवया वर, तोंड किंचित उघडं, जसं आता समोरचं माणूस काहीतरी सांगणार आहे आणि ते ऐकायला ती किती उत्सुक आहे. लेकीनं झाकण ओढलं. निघेना. मी लगेच पुढं झाले. “बाळा, म्हण ना, दे म्हण. मिस, दे म्हण. फू, फू म्हण.”

मिसनं माझ्याकडे न बघताच सांगितलं, “अम्मा, इरुंग.” म्हणजे थांबा. अर्थासकट शिकलेला माझा पहिला तमिळ शब्द तो.

मी थांबले. दोन श्वास थांबले असेन, परत हात पुढं गेला.

“अम्मा, तुमच्या हातांना फार घाई. त्यांच्यावर बसा.”

मला वाटलं चेष्टा करते. पण नाही, तिनं स्वतः करून दाखवलं. मग मी खरोखर दोन्ही तळहात मांड्यांखाली घेतले आणि बसले. पंखा फिरत होता. लेक बाटली उलटी करत होती, आपटत होती, रडवेली होत होती. माझा जीव नुसता तळमळत होता. आणि एका क्षणी तिनं बाटली मिसकडे ढकलली आणि वर बघितलं. डोळ्यांत. पापणी लवेपर्यंतच, पण डोळ्यांत.

त्याच क्षणी फुंकर! खोलीभर बुडबुडे.

“पाहिलं?” मिस मला म्हणाली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. “तिनं मला सांगितलं.”

मी तर काहीच पाहिलं नव्हतं. बुडबुडे पाहिले होते. बसमध्ये परत येताना मी तेच आठवत राहिले. एवढीशी नजर, जी मी आई असून रोज सांडू देत होते, ती या परक्या मुलीनं वरच्या वर झेलली. शेतात बियाणं उगवताना माती तडकते ती आमच्या वडिलांना चालता चालता दिसायची, मला वाकून बघितल्यावरही दिसायची नाही. तसंच काहीतरी होतं हे.

आठवड्यातून ठरलेल्या दिवशी आम्ही जायला लागलो. एकदा मिसनं विचारलं, “घरी तिच्याशी कोणत्या भाषेत बोलता?”

मी खाली बघितलं. गावाहून निघताना कुणीतरी सांगितलं होतं, शाळा तिकडं इंग्रजीत, बाहेर तमिळ, त्यात घरात मराठी, म्हणून पोर गोंधळते. एकच भाषा ठेवा. मला एकही दुसरी भाषा धड येत नव्हती. मग मी काय केलं, मराठी बंद केली आणि ‘कम’, ‘गो’, ‘ईट’, ‘नो’ एवढ्यावर घर चालवायला लागले. म्हणजे खरं तर आमचं घर मुकं झालं होतं. लेकीचं बोलणं नव्हतंच, माझंही गेलं होतं.

“तुम्हाला राग कोणत्या भाषेत येतो?” मिसनं विचारलं.

“मराठीत.”

“मग मराठी बोला. सगळी बोला, रागासकट. तुमच्या इंग्रजीत तिला तुम्ही सापडत नाही.”

“पण माझी मराठी गावाकडची...”

“मला कुठं कळणार आहे?” ती हसली. “जेवताना काय म्हणता? तुमच्याकडे मुलांना भरवताना काही म्हणत असतील ना?”

मी लाजत लाजत सांगितलं. आमच्याकडे घासांना नावं असतात. हा घास चिऊचा, हा घास काऊचा, हा माऊचा. चिऊ म्हणजे चिमणी, काऊ म्हणजे कावळा. असं म्हणत म्हणत वाटी संपवायची. मी तेही बंद केलं होतं.

“आजपासून चालू,” मिस म्हणाली. “आणि नाव घेतलं की लगेच भरवायचं नाही. घास हातात धरायचा आणि इरुंग.”

त्या संध्याकाळी मी वरणभात कालवला. किती दिवसांनी तोंडात आपली भाषा आली होती, सुरुवातीला माझाच आवाज मला चोरटा वाटला. “हा घास चिऊचा.” घास धरून थांबले. लेकीनं तोंड मिटून घेतलं. “हा घास माऊचा.” मान फिरवली. मला वाटलं भूक नाही. “हा घास काऊचा.”

तिनं तोंड उघडलं.

योगायोग असेल म्हणून परत चिऊचा धरला. तोंड बंद. काऊचा. आ! मी चिऊ-माऊची अदलाबदल करून बघितली, आवाज बदलून बघितला, हळू म्हणून बघितलं. घास तोच, वाटी तीच, हात तोच. पण काऊचं नाव असल्याशिवाय तो तिच्या तोंडात जाईना. मी तशीच हातात भात घेऊन बसून राहिले. जिला काही कळत नाही असं सगळी दुनिया म्हणत होती, ती माझा शब्द न् शब्द आत घेत होती. मी मराठी बंद केली होती तेवढे सगळे दिवस हिनं तो काऊ कुठं जपून ठेवला होता, कोण जाणे. त्या दिवशी अख्खी वाटी काऊनंच खाल्ली.

मिसला हे सांगितलं. तिकडं चिमुकल्यांना म्हणतात तसं ती लेकीच्या केसांवरून हात फिरवून म्हणाली, “कुट्टी, किती माहीत आहे ग तुला.” आणि मला म्हणाली, “आता हा कावळा खरा कुठं भेटतो तिला?”

मी म्हणाले, “भेटू देत नाही मी.”

हे नीट सांगायला पाहिजे. आम्ही राहायचो ते घर एका मामींचं. तिकडं वयस्क बायकांना मामीच म्हणतात. त्या मूळच्या तंजावरकडच्या, घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली मराठी बोलणाऱ्या. पहिल्यांदा त्यांचं बोलणं ऐकलं तेव्हा मला वाटलं पोथी वाचतायत. शब्द जुने, मध्येच तमिळ, आणि सगळ्याची चाल तमिळ. या मामी रोज सकाळी भात झाला की पहिली मूठ गच्चीच्या कठड्यावर ठेवायच्या आणि आभाळाकडे बघून ओरडायच्या, “का! का! का!” की कावळे हजर. मग घरातले जेवायचे. आणि त्यांचा आवाज आला की माझी लेक हातातलं टाकून जिन्याकडे पळायची आणि मी तिला उचलून आत आणून कडी लावायची. रोज. ती आतून दारावर डोकं आपटायची, तरी मी कडी काढत नसे.

कारण आमच्याकडे भात आणि कावळा म्हटलं की एकच गोष्ट. दहाव्याचा पिंड. माझे सासरे गेले तेव्हा नदीवर आम्ही सगळे उन्हात उभे होतो आणि कावळा पिंडाला शिवत नव्हता. झाडावर येऊन बसत होते, खाली उतरत नव्हते. आत्याबाईंनी रडत रडत एकेक सांगून झालं, लेकाला जपीन, घर सांभाळीन, तुमचं सगळं नीट करीन. नाहीच शिवला. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. तेव्हापासून आमच्या घरात कावळ्याकडे कुणी बघत नाही. त्यात जिवंत लेकराच्या हातून त्याला भात घालायचा म्हणजे मला मरणाला बोलावल्यासारखंच वाटायचं.

मिस ऐकून घेत होती. हसली नाही. “आमच्याकडेही कावळे म्हणजे पूर्वजच,” ती म्हणाली. “म्हणून तर रोज घालतात. तुमच्या घरातल्या मामींना विचारा.”

मी मामींना विचारलं. त्या कठड्यावरचं पातेलं पुसत होत्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जसा काही माझाच कान तपासायला हवा.

“तुमचे पितर वर्षास एकदांच जेवतात होय?” त्या म्हणाल्या. “आमचे घरचे रोज येतात. मेले म्हणून भूक जाते का? धाड त्या मुलीस वर.”

मी धाडलं. म्हणजे मीही बरोबर गेले, तिचा हात घट्ट धरून, मनात देवाचं नाव घेत. मामींनी भाताचा लहानसा गोळा लेकीच्या हातावर ठेवला, तिचा हात कठड्यावर टेकवला आणि हाळी घातली. “का! का!” पाण्याच्या टाकीवरून एक कावळा आला. लेक श्वास रोखून उभी. कावळ्यानं मान तिरकी करून एका डोळ्यानं तिला बघितलं, मग दुसऱ्या डोळ्यानं बघितलं, मग भात उचलला आणि गेला. लेक जागच्या जागी थरथरत होती, आनंदानं. एवढा आनंद तिला माझ्यामुळं कधी झालेला मी बघितला नव्हता.

मग ते रोजचं झालं. मिसनं सांगितलं होतं तसं मी गच्चीवरही थांबायला शिकले. भाताचं भांडं माझ्या मांडीवर, झाकण लावलेलं. ती यायची, माझं मनगट ओढायची. मी हलायची नाही, नुसती तिच्याकडे बघायची, भुवया वर करून. मामी म्हणायच्या, “काय गे, बाहुली झालीस?” हळूहळू तिची नजर मनगटावरून वर सरकली. दंड, खांदा. मग एके सकाळी माझ्या तोंडावर. ओगराळ्यासारखा हात वापरणारी माझी पोर माझ्या तोंडाकडे बघून भात मागत होती. मी झाकण काढलं, पण माझ्या डोळ्यांत पाणी आल्यानं भात कुठं ठेवला ते मलाच दिसलं नाही. कावळ्याला बरोबर दिसलं.

त्या दिवसांत घरात वेगळीच चमत्कारिक गोष्ट झाली. ह्यांनी एकदा आनंदानं सांगितलं, बदलीचं जमेल असं वाटतं, आणि मी भांडी घासता घासता थांबले. ज्यासाठी मी रोज हात जोडत होते ते समोर आलं होतं आणि मला ते नको होतं. गावी मिस नव्हती. कराडात तरी असं कुणी होतं का, मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, “आत्ता नको.” हे म्हणाले, “अगं, तूच तर...” मी म्हणाले, “आत्ता नको म्हटलं ना.” इतकं ठामपणे मी आयुष्यात काही बोलले नव्हते. पण आईचा शब्द मोडायची ह्यांची तयारी नव्हती. “ती येतीय नवरात्र झाल्यावर. तिच्याशी तूच बोल,” म्हणून मोकळे झाले.

आत्याबाई आल्या. बरोबर भडंग, चटणी, आणि नातीसाठी दंडाला बांधायला गंडा. आल्या आल्या म्हणाल्या, “चला आता, बास झालं परमुलूख. मी न्यायलाच आलीया.” त्या आम्हा दोघींना न्यायला आल्या होत्या, हे मला चहा देताना कळलं. बदली होईल तेव्हा होईल, आम्ही दोघींनी आत्ताच त्यांच्याबरोबर निघायचं होतं.

मी मिसचं सांगितलं, काऊच्या घासाचं सांगितलं, नजरेचं सांगितलं.

“नजर?” त्या म्हणाल्या. “बोलली का काय?”

“नाही.”

“मग? शेरडंबी बघत्यात तोंडाकडं.”

मिसनं जे झेललं ते मला दिसायला इतके दिवस लागले होते, यांना मी ते चहाच्या कपाबरोबर कसं देणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मामींची हाळी आली आणि लेक जिना चढून गेलीसुद्धा. मी भांडं घेऊन मागं. आणि माझ्या मागं, गुडघ्यावर हात ठेवत, आत्याबाई. वर येऊन त्यांनी कठडा बघितला, कावळे बघितले, नातीच्या हातातला भात बघितला.

“काय ग हे!” त्यांचा आवाज फाटला. “जित्या पोरीच्या हातनं कावळ्याला भात? कुनाचा दहावा घातलाईस?”

मामी मध्ये पडल्या. “बसा हो विहीणबाई. रागें भरूं नका. उन्हें फार आहेत.” आत्याबाईंना निम्मं कळलं, निम्मं नाही, पण विहीणबाई म्हटल्यावर माणसाला बसावंच लागतं. त्या टाकीच्या सावलीत टेकल्या, कावळ्यांकडे पाठ करून. पदर तोंडाला.

लेकीनं भात ठेवला. ती माझ्याजवळ यायची सवयीनं, पण त्या दिवशी माझ्या आणि तिच्या मध्ये आत्याबाई बसल्या होत्या. ती थांबली. तिनं कावळ्याकडे बघितलं, मग पाठ करून बसलेल्या आजीकडे बघितलं. परत कावळ्याकडे. जसं काही गणित घालत होती. मी पुढं झाले, आणि मग आठवलं. कठड्याला टेकून दोन्ही हात मागं घेतले.

लेक आजीसमोर जाऊन उभी राहिली. भाताचे हात तसेच. तिनं आजीची हनुवटी धरली, दोन्ही हातांत, आणि हळूच, अगदी जपून, तिचं तोंड कावळ्याकडे वळवलं.

तिला भात नको होता. झाकण काढून नको होतं. कुणाचा हात नको होता. तिला फक्त आजीनं कावळा बघायला हवा होता.

कावळा कठड्यावरच होता. एकटाच, मान तिरकी करून. लेकीनं वळून आजीच्या डोळ्यांत बघितलं, आजी बघतेय ना याची खात्री केली, आणि परत कावळ्याकडे बघितलं. मग त्यानं चोच खाली नेली आणि भात उचलला.

आत्याबाईंच्या हनुवटीला भाताची शितं लागली होती. डोळ्यांतून नुसतं पाणी. “शिवला,” त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते मी विचारलं नाही. मग नातीला जवळ ओढून माझ्याकडे बघितलं, “अगं, मला दाखवती ती! बघ तर खरं, मला दाखवती!”

“व्हय,” मी म्हणाले.

नंतर मिसला हे सांगितलं तेव्हा तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले. मागणं वेगळं आणि दाखवणं वेगळं, ती म्हणाली. मागायला दुसऱ्याचा हात लागतो, दाखवायला दुसऱ्याचं मन लागतं. समोरच्याला मन आहे, त्यालाही हे बघून बरं वाटेल, हे त्या एवढ्याशा जिवानं ओळखलं. याच्यावरच पुढचं सगळं बोलणं उभं राहतं. मी सातवीपर्यंत शिकलेली, आजपर्यंत बोलत आले, पण बोलण्याच्या खाली असलं काही असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाकीच्या मुलांच्यात ते कधी होतं ते दिसतही नाही, घाईत होऊन जातं. माझ्या लेकीनं ते मला सावकाश, एकेक पायरी, हात मागं घेऊन बघायला लावलं.

आत्याबाई राहायच्या तेवढ्या राहिल्या. रोज सकाळी मामींच्या आधी गच्चीवर. दोघींचं काय बोलणं चालायचं देव जाणे. एक पोथीतलं बोलायची, एक गावाकडचं, पण भांडण मात्र कधी थांबलं नाही. भातावर तूप किती घालायचं यावर. “तुमचा कावळा तूप नसलेला भात खातो?” “आमचा कावळा भाकरी खातोय.” असलं. जायच्या आदल्या दिवशी त्या ह्यांना म्हणाल्या, “ते बदलीचं ऱ्हाऊ दे. पोरगी हितंच बरी हाय. तिची ती शिकवणारी बाई हाय, आन् तिची पाखरं हायती.” माझ्याकडे मात्र बघितलं नाही. मी पोळ्या लाटत होते, लाटतच राहिले.

शब्द आले, पण फार सावकाश. पुढच्या वर्षी ‘का’ आला, मामींच्या चालीतला. ‘आई’ त्याच्याही नंतर. अजूनही तिचं वाक्य मध्येच अडतं, शब्द शोधत उभी राहते. शाळेत वाचनाला तर अक्षरं तिला फार छळायची, मिसनं आणि पुढं आणखी काही भल्या माणसांनी ती एकेक करून हाताळायला दिली. या सगळ्यांचे उपकार कुठं फेडू मी. ती अडली की मी अजूनही हात मांडीखाली घेते. सवयच लागली.

पण त्या वेळचं शेवटचं मला आठवतं ते चेन्नई सेंट्रल स्टेशनवरचं. कंपनीतलं एक कुटुंब पुण्याला चाललं होतं, त्यांच्या सोबतीनं आत्याबाई निघाल्या. खिडकीशी बसल्या, गजातून हात बाहेर काढून नातीच्या गालाला लावला. हे त्यांच्यासाठी पाण्याची बाटली आणायला गेले होते. भोंगा झाला, गाडी हलली. हे अजून आले नव्हते म्हणून मी घाबरून दुसरीकडेच बघत होते, गर्दीत ह्यांना शोधत.

कडेवरून दोन लहान हात आले. माझी हनुवटी धरली आणि माझं तोंड गाडीकडे वळवलं.